गावोगावच्या बादल्या

नव्या गावी पोचलेला माणूस आधी काय पाहतो, यावरून त्याची प्रकृती ओळखावी. कोणी देऊळ पाहतो, कोणी खानावळ शोधतो, कोणी एस. टी.च्या परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवतो. (हे तिसरे लोक बहुधा तपासणीला आलेले असतात.) मी बादली पाहते.

हसू नका. गेली वीस-बावीस वर्षे, कधी परीक्षेच्या कामाने, कधी व्याख्यानाच्या निमित्ताने, कधी नुसतीच सुटी आहे म्हणून मी महाराष्ट्र बराच हिंडले आहे. अनुभवाने सांगते की, गावाचा स्वभाव देवळाच्या कळसापेक्षा विहिरीच्या कठड्यावर लवकर सापडतो. बादली उघड्यावर पडलेली आहे की आत नेऊन ठेवलेली, तिचा दोर किती लांब आहे, ती भरायला कोण येते आणि पूर्वी कोणी यायचे नाही असा रिवाज होता, एवढे कळले की त्या गावाबद्दल गॅझेटियरात वाचण्यासारखे फार थोडे उरते.

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे वस्तूच्या आधी शब्दाला हात घालण्याची खोड. 'बादली' हा शब्द आपला नव्हे. पोर्तुगीजांच्या 'बाल्दे'ची आपण आधी 'बालदी' केली आणि मग 'ल'ला नि 'द'ला जागा बदलायला लावून 'बादली' केली. व्याकरणात याला वर्णविपर्यय असे भारदस्त नाव आहे. घरात याला जिभेचा आळस म्हणतात. माझी आजी शेवटपर्यंत 'बालदी'च म्हणायची आणि मुंबईकडची पाहुणेमंडळी तिला हसायची. वास्तविक शब्दाच्या कुळाशी तिचेच नाते जवळचे होते. पिंप, परात आणि घमेले हीही त्याच गलबतातून उतरलेली मंडळी. सकाळी चावीने कपाट उघडावे, पगार मोजावा, बादलीभर पाण्याने अंघोळ करावी आणि बटाट्याच्या भाजीबरोबर पाव खावा. एवढ्यात पाचसहा वेळा पोर्तुगीज बोलून होते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पण ही पाहुणी आपल्याकडे राहिली, तरी तिला घरात मान मिळायला फार वेळ लागला. आपल्या भांड्यांचीही एक उतरंड असते. कलश पूजेला बसतो. घागर नवरात्रात महालक्ष्मीपुढे फुंकली जाते. तांब्याभांड्यावाचून पाहुण्याचे स्वागत होत नाही. बादली कधी पूजेला बसलेली कोणी पाहिली आहे? ती आली तीच लोखंडी पत्र्याची, वर जस्ताचा मुलामा चढवलेली. त्यामुळे पिण्याचे पाणी तांब्यापितळेच्या हंड्या-कळशीत आणि वापरायचे पाणी बादलीत, अशी वाटणी झाली. सोवळ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठा तिला ओलांडता येत नसे. तिची जागा न्हाणीघरात, गोठ्यात, धुण्याच्या दगडाशी. पुढे ती स्टेनलेस स्टीलची झाली आणि एकदम पंगतीत शिरली. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात ओगराळे घेतलेला वाढपी 'आमटी, आमटी' करीत पानांवरून धावू लागला, तेव्हा तिचे मूळ कोणी विचारले नाही. चकाकणाऱ्या माणसांच्या बाबतीतही हेच होते.

जुन्या पत्र्याच्या बादलीला मात्र पुनर्जन्म असे. बूड गंजले की नवे बूड बसवून देणारा दारावर येई. तेही गेले की तिला आतून माती लिंपून, खाली दार पाडून कोळशाची शेगडी करीत. शेगडीही फुटली की मातीने भरून तिच्यात अबोली लावीत. प्लॅस्टिकची बादली असे काही करू देत नाही. तिची कडी तुटली की ती कोपऱ्यात बसून राहते, मरतही नाही.

माझे आजोळ अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याजवळ. रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यांच्या कोटाची तटबंदी अजून नारळी-पोफळीतून डोके काढून उभी आहे. तेव्हा 'बालदी' हा शब्द तिथे टिकला असल्यास नवल नाही. या पट्ट्यात वाडी तिथे विहीर. पूर्वी विहिरीवर रहाट असत. चाकावरून फिरणाऱ्या माळेला लोटे बांधलेले, एक लोटा रिकामा होऊन खाली जायचा तोवर दुसरा भरून वर यायचा. माझ्या आजोळचा रहाट माझ्या जन्माआधीच थांबला होता. त्याचे लाकडी चाक गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले असे आणि कोंबड्या त्यावर बसत. पाणी पंपाने निघे. पण पंप बिघडला, वीज गेली, किंवा आजीला नुसतेच वाटले, की कठड्यावरची बालदी विहिरीत सुटायची.

ती बालदी रात्रंदिवस कठड्यावरच असे. कोणी उचलून आत नेत नसे, कोणी चोरत नसे. दोर दोन-तीन वाव, तोही पावसाळ्यात निम्मा लागे. श्रावणात तर पाणी इतके वर यायचे की ओणवे होऊन कळशी बुडवावी. बादली पाण्यावर आपटल्याचा तो 'डुबुक' आवाज, मग दोराला दिलेला एक झटका, म्हणजे ती कलंडते आणि पाणी घेते. हा झटका शिकवून येत नाही. मुंबईहून आलेल्या मुलांची बादली विहिरीत तरंगत राहायची आणि गावातली पोरे कठड्यावर बसून मजा बघायची. पाणी जवळ असले की माणसे मोकळ्या हाताची होतात. वाटसरूलाही 'घ्या की हो' म्हणतात. हा वाटसरू कोण असावा यालाही एके काळी नियम होते, पण ते पुढे येईलच.

घाटावर गेले की दोर लांबतो. आणि दोर पुरेनासा झाला की बैल येतात.

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर मी दोनदा पाहिली आहे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. नुसते विहीर म्हणणे म्हणजे तिचा अपमान आहे. पायऱ्या उतरून कमानीतून आत जावे, तर विहिरीच्या अंगावर बांधलेला छोटासा महालच लागतो. दगडात कोरलेली शिल्पे, बसायला जागा, आणि खाली शंभर फुटांहून अधिक खोल अष्टकोनी पोटात हिरवेगार थंड पाणी. भर वैशाखात तिथे अंगावर शहारा येतो. पण मी रेंगाळले ती वर, मोटांच्या जागांपाशी. एकाच वेळी बारा मोटा चालत असतील, तेव्हा चोवीस बैल नि बारा चाकांच्या कुरकुरीत शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसेल. त्या पाण्यावर इथे आमराई पोसली होती म्हणतात.

मोट आता कुठे चालताना दिसत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना ग्रामीण कथा शिकवताना मला फळ्यावर चित्र काढावे लागते. मोट म्हणजे चामड्याची प्रचंड बादलीच, फक्त खाली एक सोंड फुटलेली. तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले की मोट वर येते, आणि सोंदूर सोंडेचे टोक वर धरून ठेवतो, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर तोंड चाकाकडे वर जाते, सोंड थारोळ्यात ओढली जाते आणि दोनअडीचशे लिटर पाणी धपकन बाहेर पडून पाटाला लागते. मग बैल उलट्या पावलांनी धाव चढतात आणि मोट पुन्हा खाली. उलट्या पावलांनी चढ चढणारे बैल ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना ही गोष्ट खरी वाटत नाही.

त्या चित्रात मी मुलांना आणखी एक गोष्ट दाखवते. मोटेचे कातडे ढोराने कमवायचे, ती चर्मकाराने शिवायची, नाडा नि सोंदूर मातंगाने वळायचे. त्यांनी केलेली मोट विहिरीत शंभर वेळा बुडे. त्या पाण्यावर मळा पिके, थारोळ्यावर ओंजळ धरून मालकही ते पिई. चामडे चालत होते, दोर चालत होता. तो शिवणारा आणि वळणारा माणूस मात्र आपली घागर घेऊन त्याच विहिरीवर आला, तर पाणी बाटत असे. त्याने भांडे खाली ठेवायचे, दूर उभे राहायचे, आणि कोणाला दया आली तर वरून धार सोडली जायची.

लिंबची विहीर पाहून मी एकदा महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरले, पोलादपूर गाठले आणि पुढे महाडला गेले. चवदार तळे पाहायचे होते. तळे आता चारी बाजूंनी बांधून काढलेले आहे, मधोमध बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. पायऱ्यांवर एक बाई लहान मुलाला पाणी दाखवत बसली होती. मी काठावर उभी राहून सनावळी मनाशी जुळवीत राहिले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. म्हणजे कागदावर सारे झाले होते. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, मिरवणुकीने आलेल्या माणसांच्या ओंजळीचा. त्यानंतर त्या माणसांना मार बसला, आणि सनातनी मंडळींनी तळे 'शुद्ध' केले: १०८ घागरी पाणी बाहेर काढून आत शेण, गोमूत्र, दूध, दही घातले. कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली आणि उच्च न्यायालयाने निकाल सत्याग्रह्यांच्या बाजूने दिला. मला त्या १०८ घागरींच्या हिशेबाचेच राहून राहून आश्चर्य वाटते. एवढे थोरले तळे, त्यातल्या १०८ घागरी! पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली सगळ्यांना मोकळा केला, तेव्हा त्यांना पाणी शुद्ध करण्याचा काही खर्च आला नाही.

महाडकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, गिरण्यांत लागली, चाळींत राहिली. तिथे विहिरीऐवजी नळ होता. मुंबईला नळाचे पाणी १८६० साली विहार तलावातून येऊ लागले आणि दोराची गरज संपली. दोराची जागा रांगेने घेतली. नळावर शिवाशिव पुरती मेली असे मी म्हणणार नाही, चाळीसुद्धा वाटलेल्या होत्याच. पण पहाटे साडेचारला आलेले पाणी सहाला जाणार असेल, तर आपल्या आधीच्या बादलीचे गोत्र विचारायला वेळ कोणाला?

माझ्या मामांची खोली गिरगावातल्या एका चाळीत होती. मजल्यावर वीस बिऱ्हाडे, नळ दोन. रात्री झोपण्यापूर्वी घराघरांतून बादल्या बाहेर पडत आणि नळाशी रांगेने उभ्या राहत. माणसे झोपलेली, बादल्या जाग्या. प्रत्येकीची खूण ठरलेली: कोणाच्या कडीला लाल चिंधी, कोणाच्या अंगावर तैलरंगाने नाव, कोणाची पोचा पडलेली, म्हणून बिनखुणेचीच ओळखू येणारी. त्या रांगेत बादली म्हणजे खुद्द मालकीण. 'माझी बादली सरकवली' या एका वाक्यावर दोन घरांतले हळदीकुंकू दोन वर्षे बंद पडलेले मी पाहिले आहे. आणि एका घरात बाळंतीण होती तेव्हा तिची बादली कोणी न सांगता सगळ्यांच्या पुढे उभी केलेलीही मी पाहिली आहे. मामी सांगायची, चाळीतल्या बायका एकमेकींना चेहऱ्याने नंतर आणि बादलीने आधी ओळखतात.

पुढे मी शिकायला पुण्याला वसतिगृहात राहिले. तिथेही वडिलांनी पहिल्या दिवशी घेऊन दिल्या त्या दोन वस्तू: गादी आणि बादली. गादी चार वर्षांत फाटली. बादली मी पुढच्या मुलीला दिली, तिने बहुधा तिच्या पुढच्या मुलीला दिली असेल.

प्रवासात मला एका बादलीचे मात्र वाईट वाटते: रेल्वे स्टेशनावर आकड्याला टांगलेल्या लाल बादलीचे. तिचे बूड मुद्दाम गोल केलेले असते, म्हणजे ती जमिनीवर उभीच राहू नये आणि कोणी धुण्या-भांड्याला नेऊ नये. आगीसाठी वाळू भरून ठेवायची. एरवी सिगारेटची थोटके. कोणाला नेता येऊ नये म्हणून जिचे बूडच काढून घेतले, अशी वस्तू बनवायला माणसे ओळखणारा कारागीर लागतो.

अशाच एका स्टेशनावरून मी २०१४ साली लातूरला नोकरीवर रुजू व्हायला निघाले. कोकणातल्या विहिरीचा दोर दोन-तीन वाव आणि घाटावरचा लांब, असे मी मघाशी म्हटले. लातुरात मला दोराची मोजदादच संपल्यासारखी वाटली. कूपनलिकांत बादली सोडता येत नाही. आत पाणी किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते नुसते एक दिवस येत नाही. 'आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण मी वर्गात शिकवत असे. तिथली मुले मला ती समजावून सांगू शकली असती.

२०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागली. रांगेत पाच माणसांनी उभे राहायचे नाही, पण पन्नास घागरी, बादल्या, पिंपे उभी राहिली तर चालत होते. मला गिरगाव आठवे. फरक इतकाच की, गिरगावातल्या बादल्यांना पहाटे पाणी येणार हे ठाऊक होते. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. गाव स्टेशनकडे लोटले होते. माझ्या शेजारच्या काकूंनी विचारले, "बाई, पाच लाख म्हणजे किती बादल्या होतात?" मी पंधरा लिटरची बादली धरून भागाकार केला: तेहतीस हजार तीनशे तेहतीस. काकू जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "गावात माणसे तर लाखांनी आहेत."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी मी बादलीचा संसार पाहिला. अंघोळ परातीत बसून करायची. परातीतले पाणी बादलीत ओतायचे. त्या बादलीत कपडे पहिल्यांदा बुचकळायचे. निवळलेल्या पाण्याने फरशी पुसायची. जे उरेल ते संडासात. एकच बादली चार कामे करून रिकामी व्हायची, आणि थेंबभर पाणीसुद्धा वाया गेलेले नसे. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज पहिला तास चुकवी. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, टँकर सातला येतो." हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी पुढचे दोन महिने काय लिहिले, ते सांगत नाही. विद्यापीठाचे लोकही दिवाळी अंक वाचतात.

तेव्हापासून सरकारी आकडेही मी बादलीतच वाचते. शहरातल्या माणसाला नळाने रोज दरडोई १३५ लिटर पाणी मिळावे, असे नगरपालिकांच्या योजनांचे माप आहे. म्हणजे नऊ बादल्या. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे पावणेचारालाही किंचित कमी. कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला विहीर असते, ओढा असतो. असतो ना. मे महिन्यात जाऊन पाहावा. मी कोणावर रागावून हे लिहीत नाही. पण ज्या कोणी नऊ आणि पावणेचार हे दोन आकडे एकाच देशासाठी लिहिले, त्यांनी कधी डोक्यावर घागर आणि हातात बादली घेऊन अर्धा मैल चालून पाहिले असेल, असे मला वाटत नाही. बादली हातात धरून चालताना एक खांदा खाली येतो आणि दुसरा हात आपोआप हवेत जातो. आमच्या लातूरच्या कित्येक मुली मोकळ्या हातांनीही तशाच चालत.

त्या वर्षी पावसाळा पुढे भरभरून आला. सरता सरता मांजरा धरणसुद्धा भरले. पहिला मोठा पाऊस रात्री आला. पत्र्यांवर एकच गदारोळ उठला आणि आमच्या आळीतली सगळी दारे एकदम उघडली. काकूंनी पागोळ्यांखाली आधी बादल्या लावल्या, मग घागरी, मग कळश्या, पातेली, परात, शेवटी देवघरातले ताम्हन. मी त्यांना मदत करत होते. थोड्याच वेळात सगळे भरले. काकूंनी एक काठोकाठ भरलेली बादली उचलली आणि ती ओतायला भांडे शोधू लागल्या. एकही रिकामे नव्हते. त्या बादली तशीच हातात धरून भर पावसात उभ्या राहिल्या, आणि आतून काका ओरडत होते, "अगं, ओत की खाली!" त्यांच्याने ते काही होईना.